माझं कोरं रक्त

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पुण्याच्या बहिणीला सांगितलेलं नाही, आणि तिला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. देवापुढेही बोलले नाही — तो विचारत नाही, मी सांगत नाही, आमचं बरं चाललंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? माझा मलाच आता इतका वैताग आला आहे, की हे पोटात ठेवून आणखी एक भाषण देणं मला जमायचं नाही. भाषण म्हणजे — थांबा, भाषणावर मागून येते. सगळं एकदम सांगायला गेलं की माझा नेहमी असाच घोळ होतो.

आधी काम सांगते. बंगळूरमधल्या एका संशोधन संस्थेत मी बरीच वर्षं आहे. आम्ही एक चिप बनवतो, नखाएवढी. तिच्यावर केसाहून हजारो पटींनी बारीक तारा असतात, आणि त्या तारांवर असं काही चिकटवलेलं असतं, की रक्तात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं प्रथिन असलं तर ते तिथेच अडकून बसतं. अडकलं की तारेतला विजेचा प्रवाह जरासा बदलतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. प्रथिन नसलं तर रेघ आडवी, झोपलेली. लोकांना वाटतं केवढं मोठं विज्ञान! आमचं निम्मं आयुष्य ती रेघ झोपवण्यात जातं.

कारण ती झोपत नाही. चिपला काय काय चालत नाही म्हणून सांगू? हवेतला दमटपणा चालत नाही, खोली गरम झालेली चालत नाही, शेजारच्या खोलीत कुणी मोठं यंत्र सुरू केलेलं चालत नाही. जावयाचे लाड परवडले. म्हणून प्रत्येक वेळी आधी कोऱ्या रक्तावर ती तपासायची. कोरं रक्त म्हणजे ज्यात हा विषाणू नाही अशी खात्री आहे ते. इंग्रजीत ब्लँक म्हणतात. मी कोरं म्हणायची, आणि आमच्या तमिळ नि बंगाली मुलांनीही हळूहळू ‘कोरा ब्लड’ म्हणायला सुरुवात केली. कोऱ्या रक्तावर रेघ झोपली, तर चिप शहाणी. नाहीतर फेका.

आणि हे कोरं रक्त असायचं माझं.

तशी पद्धतच होती आमच्या गटात. नवीन प्रयोग सुरू झाला की गटप्रमुखाने, म्हणजे मी, पहिली बाही वर करायची. मी हसत हसत करायची, मुलांना सुया टोचून घ्यायला धीर यावा म्हणून — असं मी म्हणायची. खरं म्हणजे मला ते आवडायचं. आणि एका प्रयोगात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाचं कोरं रक्त वापरायचं, म्हणजे तुलना सरळ राहते, हा माझाच आग्रह. नियम असा, की कुणाचंही रक्त कोरं म्हणून घेण्याआधी साध्या बाजारी कार्डावर तपासायचं. एक थेंब टाकला की एक किंवा दोन रेघा उमटतात ते कार्ड. सगळ्यांच्या रक्ताला मी कार्ड लावायला लावायची. माझ्या नाही. मी लस घेतलेली, मी कधी आजारी न पडणारी, मी डब्यात गाजर-काकडी आणणारी — मला काय धाड भरलीय?

आता तुम्हाला पुढचं दिसायला लागलं असेल. लागू दे. पण मला जे सांगायचंय ते हे नाहीच. हे तर नुसतं मूर्खपणात मोडतं, आणि मूर्खपणा मी चारचौघांत कबूल करू शकते.

आमच्याकडे रेणुका नावाची मुलगी होती. इथल्याच चामराजपेटची. तिचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं, मराठी घरापुरतं उरलेलं. पहिल्या दिवशी ती माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग हसू आलं. तिच्या मराठीत निम्मं कानडी. ‘स्वल्प थांबा’, ‘सरी मॅडम’ — सरी म्हणजे बरं. मी कशावर चिडले की म्हणायची, “बेजार करून घेऊ नका, मॅडम.” म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. आम्ही सदाशिवपेठेतून आलेली माणसं. ‘बेजार करून घेणं’ हा काय प्रकार आहे म्हणून मी तिची टिंगल करायची. ती हसायची. एकदा घाईत ती मला मॅडमऐवजी अक्का म्हणाली, आणि मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की ही प्रयोगशाळा आहे, तुमची गल्ली नाही. हेही मला सांगायचं नव्हतं, पण आलं तोंडातून.

ती काही गरीब गाय नव्हती, बरं का. बडबडी. कामात असताना गुणगुणायची, त्याने माझं डोकं उठायचं. उशिरा यायची आणि बसला दोष द्यायची. पण चिप तयार करण्याचं सगळं किचकट काम तिच्याकडे होतं, आणि ते तिला आवडायचं. पुढे पीएचडी करायची, यावरच करायची, असं तिने ठरवून टाकलेलं. घरात आधी कुणी एवढं शिकलेलं नव्हतं. वडील सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते की आमची रेणू रक्तातला रोग शोधायचं मशीन करते.

तर तिच्या हातच्या चिपांवर कोऱ्या रक्ताची रेघ झोपेना. थोडीशी वर. फार नाही — रोग्याच्या रक्तासारखी उसळी नाही, पण झोपलेलीही नाही. अर्धवट उठून बसलेली. महिनोन्‌महिने! आम्ही तारा बदलल्या, चिकटवायचं द्रव्य बदललं, खोलीचा एसी दुरुस्त करून घेतला. रेघ आपली तश्शी. वरून संचालक विचारताहेत, कुठवर आलं? मी काय सांगणार?

मग मी ठरवलं की दोष रेणुकाच्या हातांचा आहे. त्याच खोलीत रोग्यांच्या रक्ताचे नमुने असतात. त्यातला कणभर अंश जरी हातमोज्यावरून, नळीवरून कोऱ्या रक्तात गेला, तरी आमची चिप तो पकडते. तेवढी तिची नजर तीक्ष्ण आहे. म्हणजे ही मुलगी स्वच्छ काम करत नाही. सरळ हिशेब. मी तिला मोजे दोनदा बदलायला लावले, मग प्रत्येक थेंबागणिक बदलायला लावले. तिच्या मागे उभी राहून बघायची. कुणी मागे उभं राहिलं की कुणाचे हात थरथरत नाहीत? तिचे थरथरायचे, आणि मी म्हणायची, बघ.

एक दिवस मी तिला म्हणाले, “तुझे हात खरकटे आहेत, रेणुका.” मराठीत म्हणाले. खोलीत सहाजण होते, त्यांना शब्द कळला नाही, तिला कळला. इंग्रजीत मी असं कधीच बोलले नसते — इंग्रजीत मी फार सभ्य आहे. खरकटे हात म्हणजे काय हे मराठी घरातल्या मुलीलाच कळणार, आणि म्हणूनच मी तो शब्द काढला. तिने मोजे काढले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले आणि परत कामाला लागली.

आणि एकदा — हे लक्षात ठेवा — एकदा तिने विचारलं होतं. जपून, खाली बघत. “मॅडम, त्या रक्ताला एकदा कार्ड लावून बघूया की?”

मी म्हणाले, “ते माझं रक्त आहे.”

“सरी, मॅडम.”

विषय संपला. एक थेंब, एक कार्ड, चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळालं असतं. पण मला तो अपमान वाटला. काल आलेली पोरगी माझं रक्त तपासायला निघालीय!

पावसाळा सरता सरता मी तिला काढलं. म्हणजे तिची मुदत वाढवली नाही — आमच्याकडे काढत नाहीत, मुदत वाढवत नाहीत. ती रडली नाही. जाताना सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. माझ्यापुढे डबा धरला तेव्हा मी घाईत असल्याचं दाखवलं.

इथपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. पुढे जे केलं ते माहीत असताना केलं, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतेय.

तिच्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत मी स्वतःच चिपा करायला बसले. माझे हात! वीस-पंचवीस वर्षं मुरलेले हात. नवे मोजे, नव्या नळ्या, रोग्यांचे नमुने खोलीबाहेर काढून ठेवलेले. कोऱ्या रक्ताचा थेंब टाकला. रेघ अर्धवट उठून बसली.

मी दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली. तेच. मग आमच्या ऑफिसात बसणाऱ्या एका सहकाऱ्याचं तपासलेलं रक्त फ्रीजमध्ये होतं, ते घेतलं. रेघ झोपली. इतकी गाढ, की मला वाटलं यंत्रच बंद पडलंय. पुन्हा माझं — उठली. पुन्हा त्याचं — झोपली. सांगा, आता हात कुणाचे खरकटे?

तरी मी लगेच कार्ड लावलं नाही. भ्यायले. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती — आपली खंडेनवमी. इथे ती धडाक्यात करतात. सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, फुलं घालून ठेवायची. त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. दारात कोहळा फोडून झाला, चुरमुऱ्याचे पुडे वाटून झाले, सगळे घरी गेले. मी थांबले. कुंकू लागलेल्या यंत्रांना हात लावायची मला गरज नव्हती. कार्डाला यंत्र लागत नाही. बोटाला सुई टोचली, थेंब टाकला, आणि खुर्चीत बसून समोरचे सांडलेले चुरमुरे बघत राहिले.

दोन रेघा. दुसरी पुसट, पण दोन.

म्हणजे चिप पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. रक्तात विषाणूचं प्रथिन होतं — थोडं होतं, म्हणून रेघ थोडी वर. आम्ही जगाला सांगत होतो की आमची चिप थोडंसंही पकडेल, आणि तिने पकडलं, तर तिला खोटं पाडण्यात मी महिने घालवले. आणि तिला तयार करणारी मुलगी हाकलून दिली. चिडावं तरी कुणावर? मी चुरमुऱ्यांवर चिडले. झाडू घेऊन सगळी खोली झाडून काढली.

मग जयनगरमधल्या एका खासगी पॅथॉलॉजीत जाऊन पक्की तपासणी केली. माहेरचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून असणार. निपचित पडलेला विषाणू आहे, घाबरू नका, दर काही महिन्यांनी तपासत राहा. लस मागाहून घेतली तर तिचा काय उपयोग, हे मला — मला! — त्यांनी समजावून सांगितलं. नवऱ्याला आणि मुलीला मी तपासून घेतलं, लस दिली. लॅबचा नवा नियम आलाय म्हणून सांगितलं. ते दोघं ठीक आहेत, आणि नवरा अजून लोकांना सांगतो की हिच्या लॅबचे नियम फार कडक.

हे लपवलं त्याचा मला फारसा पस्तावा नाही. आजार माझा आहे. लोक कसे वागतात ते मी पाहिलंय. शिकलेले लोकही कप वेगळा ठेवतात. पण आजार लपवायला मला रेणुका लागली, ते सांगायचंय.

सुट्टीनंतर मी माझ्या रक्ताच्या बाटल्या नष्ट केल्या आणि सहकाऱ्याचं रक्त कोरं म्हणून लावलं. सगळ्या रेघा झोपल्या. गटात आनंदीआनंद. संचालकांनी विचारलं, काय केलंत असं? मला काय काय सांगता आलं असतं बघा. नुसतं ‘रक्त बदललं’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. कुणाचं, का — कुणी खोदून विचारलंही नसतं कदाचित. मी म्हणाले, “हात बदलले.”

ते हसले. मग सगळे हसले. ते वाक्य लॅबमध्ये चिकटून बसलं. आजही कुणाचा प्रयोग फसला की मुलं एकमेकांना विचारतात, हात बदलायचे का? त्यांतल्या निम्म्यांना रेणुका कोण हे माहीत नाही.

आणि भाषणं. चिप गाजली, मला बोलावणी येऊ लागली. कंटाळलेल्या श्रोत्यांना जागं करायला मी हा किस्सा सांगते. नाव घेत नाही — केवढी मी सज्जन! ‘आमची एक मुलगी होती, फार गोड, पण तिच्या हातात चिप गेली की...’ हशा पिकतो. मी किती वेळा ठरवलं की हा किस्सा गाळायचा. व्यासपीठावर उभी राहिले की जीभ आपोआप तिकडे वळते. त्या हशाची सवय झालीय मला, दुसरं काय?

पण याहून वाईट आहे. त्याच दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत फोन आला होता. दुसऱ्या संस्थेतल्या एक बाई, मी त्यांना चांगली ओळखते. रेणुकाने त्यांच्याकडे पीएचडीसाठी अर्ज केला होता. मुलाखत उत्तम झाली, त्यांना ती आवडली होती. माझ्याकडे इतके दिवस काम केलंय, तर माझं मत काय? मला सगळं माहीत होतं तेव्हा. कार्ड लागलेलं, जयनगरचा रिपोर्ट आलेला. एक शब्द बोलायचा होता — घ्या. पण ‘घ्या’ म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही का सोडलीत? आणि माझ्याकडे त्याचं उत्तर एकच होतं, जे मला द्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, हुशार आहे, मेहनती आहे. मग थोडी थांबले. थांबण्यातच सगळं असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. आणि म्हणाले, हाताची स्वच्छता जरा... रक्ताचं काम असेल तर विचार करा.

त्यांनी विचार केला. तिला घेतलं नाही. तिने आणखी कुठे कुठे अर्ज केले, तिथून कुणाकुणाचे फोन आले — मला आणखी दोन आले. दोन्ही वेळा मी तेच म्हणाले. एकदा खोटं बोललं की त्याच्याशी सुसंगत राहावं लागतं. शास्त्रज्ञच ना मी!

भीती होती म्हणू? गर्व होता म्हणू? दोन्ही होतं, आणि दोन्हीने काही हलकं होत नाही. गटातून काढलं असतं का मला? नाही. संचालक कदाचित हसले असते, थोडी शोभा झाली असती, नियम मोडल्याचं एक कडक पत्र मिळालं असतं. तेवढं वाचवायला मी एका मुलीचं शिक्षण बुडवलं. हे सांगतानाही मला तिचाच राग येतोय — तेव्हा एवढी ‘सरी मॅडम’ करून गप्प का बसलीस? भांडायचं होतंस! पाहिलंत? अजूनही दोष तिचाच.

गेल्या वर्षी ती मला जयनगरच्या बाजारात भेटली. गौरीगणपतीच्या आधीची गर्दी, फुलांचे ढीग, हातात पिशव्या, रिक्षावाला यायला तयार नाही, मी त्राग्याने रस्त्याच्या कडेला उभी. मागून हाक आली, “मॅडम!” थोडी जाड झाली होती. शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते म्हणाली. मुलं फार दंगा करतात म्हणाली, आणि हसली. मी पळायला वाट शोधत होते.

मग ती गंभीर झाली. म्हणाली, “मॅडम, तुमचं एक भाषण नेटवर बघितलं मी.”

मला वाटलं, आलं. आता ही बाजारात, फुलांच्या ढिगापुढे, मला जे म्हणायचं ते म्हणणार. आणि खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, “माझ्यामुळे तुमचं किती दिवस वाया गेलं. मला अजून कळत नाही मी काय चुकत होते. घरातपण हात दोनदा धुते मी, सवय लागली. तुम्ही नाव नाही घेतलं भाषणात, ते तुमचं मोठेपण. बेजार करून घेऊ नका, अक्का. मला माफ करा.”

अक्का म्हणाली. आणि भर रस्त्यात, पिशव्या खाली ठेवून, वाकली.

मी काय केलं असेल? तोंड होतं, जीभ होती, ती समोर होती. मागेपुढे ओळखीचं कुणी नव्हतं. दोन वाक्यं पुरली असती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “अगं, असू दे. चुका होतात माणसाकडून. मी केव्हाच विसरले.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटलं, म्हणाली. किती वर्षं मनात होतं, म्हणाली.

मी तिला मोठ्या मनाने माफ केलं.